आता निघा

ताईने मुख्याध्यापक होण्याचा अभ्यास सुरू केला तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. मी तिला म्हटलं, "या वयात बायका गुडघ्याला लावायचं मलम शोधतात, आणि तू परीक्षेला बसायला निघालीस." ती म्हणाली, "मलमही घेतलंय. वर्ग तिसऱ्या मजल्यावर भरतात."

आम्ही दोघी बहिणी एकाच शाळेत. ती भूगोल शिकवते, मी कार्यालयात बसते. दाखले, हजेऱ्या, पालकांच्या तक्रारी आणि शाळेची घंटा, हे सगळं माझ्याकडे. ताईने लग्न केलं नाही, मी केलं आणि ते टिकलं नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघी आणि बाबा. बाबा घड्याळजी. दुकान केव्हाच बंद झालं, पण खिडकीशी टेबल मांडून ते अजून कुणाकुणाची घड्याळं उघडून बसतात. त्या खिडकीतून गल्लीपलीकडची आमची शाळा दिसते, आणि शाळेच्या गच्चीवरचा कर्णा तर अर्ध्या वस्तीला ऐकू जातो.

त्या कर्ण्यावरून रोज मोठ्या बाई बोलायच्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या वारल्या, तरी बोलायच्या थांबल्या नाहीत.

त्याचं असं झालं. शेवटच्या वर्षी त्यांचा घसा सारखा बसायला लागला, म्हणून त्यांनी रोजची वाक्यं एकदाच रेकॉर्ड करून घंटेच्या यंत्रात भरून ठेवली. सकाळी, "मुलांनो, रांगा सरळ. हाताची घडी, तोंडावर बोट." मधल्या सुट्टीत, "सावकाश खा. डबे सांडू नका." शाळा सुटताना, "दप्तर तपासा. जिना सावकाश उतरा." आवाज जाडसर, शांत, प्रत्येक शब्द उचलून नीट जागेवर ठेवल्यासारखा. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी त्या झोपल्या त्या उठल्याच नाहीत. शाळा उघडली, मी सवयीने यंत्र सुरू केलं, आणि कर्ण्यातून मोठ्या बाई म्हणाल्या, "मुलांनो, रांगा सरळ." मैदानावरचे सगळे शिक्षक जागच्या जागी थिजले. मुलं मात्र सरळ रांगेत उभी राहिली.

पुसायला एक बटण पुरलं असतं. ते माझ्या टेबलापासून हातभर अंतरावर होतं. पण कुणी सांगेना, आणि मला धीर होईना. पुसलं तर त्यांना मी मारल्यासारखं होईल असं वाटायचं. संस्थेचे सचिव म्हणाले, "राहू दे. शिस्त राहते." झालं, राहिलं ते राहिलंच. प्रभारी म्हणून चित्रकलेच्या सरांना नेमलं, कारण सेवेत तेच सगळ्यात जुने. त्यांनी मोठ्या बाईंच्या खुर्चीला हातसुद्धा लावला नाही. चित्रकलेच्या खोलीतलं आपलं स्टूल आणून टेबलाच्या कडेला ठेवलं आणि त्यावर बसून ते सह्या करायचे, तेही आत येताना दारावर टकटक करून. आम्ही हसायचो. पण त्या खोलीत एकटं जायची वेळ आली की आम्हीही टकटक करायचो.

आणि पहिलीत नव्याने आलेली पोरं! त्यांनी मोठ्या बाईंना कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या दृष्टीने मोठ्या बाई त्या बंद दाराच्या आत असायच्या, रोज बोलायच्या, बाहेर मात्र येत नसत. दारावरून जाताना ती चिमुरडी चवड्यांवर चालायची. त्यांना खरं काय ते सांगावं हे कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

सचिवांनी ताईला बोलावून सांगितलं, "तुम्ही शालेय व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पुरा करा. ती पदवी असल्याशिवाय आता मुख्याध्यापकपद देता येत नाही. करा, आणि खुर्ची तुमची." ताईला ती खुर्ची हवी होती. उगाच साधेपणाचा आव आणणाऱ्यांतली ती नव्हे. "मला चांगली शाळा चालवता येईल," असं तिने मला भांडी विसळताना सरळ सांगितलं. म्हणून दर शनिवार-रविवार ती विद्यापीठात जायला लागली. शाळेचे कायदे, अंदाजपत्रक, शिक्षकांचं मूल्यमापन, पालकांशी संवाद. घरभर तिची पुस्तकं पसरली, आणि बाबांच्या टेबलावरचे स्क्रू पुस्तकांच्या पानांत सापडू लागले.

आता ताईच्या एका गोष्टीबद्दल सांगायला हवं. तिला आवाज काढता यायचे. नुसती नक्कल म्हणत नाही मी, नक्कल काय कुणीही करतं. ताई तोंड उघडायची आणि ते माणूसच खोलीत यायचं. दूधवाला, आमची तिरसट काकू, रेडिओवरची बातम्या देणारी बाई. शिक्षकांच्या खोलीत ती मोठ्या बाईंचा आवाज काढायची, अगदी त्यांच्या हयातीत. एकदा खुद्द मोठ्या बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. आमचं धाबं दणाणलं. त्या म्हणाल्या, "वाक्य संपताना मी इतकी थांबत नाही," आणि निघून गेल्या. त्यानंतर ताईचं वाक्यही त्यांच्याइतकंच थांबायला लागलं.

पण सगळ्यात आधी तिने काढला होता तो आईचा आवाज.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि ताई तेरा. मी जेवेना. काकूने समजावलं, दटावलं, शेजारणींनी मांडीवर घेऊन भरवायचा प्रयत्न केला, पण मी दात घट्ट आवळून बसायची. एका संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "ताट वाढलंय गं, ये लवकर. गार होतंय." मी उठले आणि गेले. आत ताई होती, हातात डाव घेऊन. मला सगळं कळलं. तरी मी खाली बसले आणि जेवले. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

मग एक दिवस बाबा दुकानातून लवकर आले. जिन्यातच त्यांच्या कानावर तो आवाज पडला असणार. ते पळत आले, पायातल्या बुटांसकट थेट स्वयंपाकघरात. ताईला पाहून ते भिंतीला टेकत खाली बसले. रागावले नाहीत. तिथूनच म्हणाले, "हा आवाज पुन्हा या घरात काढायचा नाही. मला सोसत नाही." ताईने मान हलवली. तिने तो पुन्हा कधी काढला नाही, आणि आमच्या घरात आईचा विषयही त्याच दिवशी बंद झाला.

मोठी झाल्यावर ताई बाबांशी कायम त्या बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात बोलायची. "नमस्कार. आजच्या ठळक घडामोडी. बाबांनी गोळी घेतलेली नाही." बाबा कपाळाला आठ्या घालून गोळी घ्यायचे. मला वाटायचं ही तिची खोड आहे, तिला थट्टा केल्याशिवाय राहवत नाही. इतकी वर्षं एका छपराखाली राहून माणसाला काय काय दिसत नाही, याचं मला आता नवल वाटतं.

अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षी त्यांचे प्राध्यापक एक प्रात्यक्षिक घ्यायचे. ठेंगणे, चष्मेवाले, सतत गरम पाण्याचे घोट घेणारे गृहस्थ. एका विद्यार्थ्याने चिडलेला पालक व्हायचं, दुसऱ्याने मुख्याध्यापक, आणि बाकीच्यांनी बघायचं. सगळ्याचं चित्रीकरण व्हायचं. ताईने तो चिडलेला पालक पाच मिनिटांत गार केला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. प्राध्यापकांनी चित्रीकरण पुन्हा लावलं आणि विचारलं, "उत्तम. पण या कोण?"

"म्हणजे?" ताई म्हणाली.

"या पडद्यावरच्या बाई कोण आहेत? तुम्ही चहाच्या वेळी माझ्याशी बोलता त्या या नव्हेत. चहाच्या वेळी बोलता त्याही तुम्ही असाल असं मला वाटत नाही. आता पुन्हा करा. तुम्ही स्वतः व्हा."

ताई उभी राहिली. समोरचा पालक पुन्हा आरडाओरडा करायला लागला. ताईने तोंड उघडलं, "हे बघा," एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. त्या रात्री जेवताना तिने हे मला सांगितलं ते काकूच्या आवाजात, हसतहसत. पण ताटातलं अन्न तिने तसंच ठेवलं होतं.

प्राध्यापकांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "शेवटच्या सत्रात तुम्ही तुमच्या शाळेत प्रत्यक्ष कारभार करायचा. मी शेवटी बघायला येईन. कागदावर तुम्ही पहिल्या आहात. पण मला त्या दिवशी तुम्ही दिसला नाहीत, तर मी पास करणार नाही." म्हणजे झालं काय, की इतकी वर्षं राबून ताई खुर्चीपर्यंत पोचली होती, आणि त्या खुर्चीत ती बसणार की तीच गेलेली बाई पुन्हा, एवढाच प्रश्न उरला होता.

सत्र सुरू झालं. ताई माझ्या शेजारी कार्यालयात बसू लागली. वेळापत्रक लावलं, दोन शिक्षकांचं जुनं भांडण मिटवलं, पाण्याच्या टाक्या धुऊन घेतल्या. पण कुणाला काही खडसावून सांगायची वेळ आली की मोठ्या बाई यायच्या. शिपाई एकदा तिच्यापुढून मागे सरत सरत बाहेर गेला आणि मला हळूच म्हणाला, "बाई, आज अंगावर काटा आला हो."

आणि मग तो धूर.

आमच्या शाळेचा एक नियम सांगायचा राहिला. फार वर्षांपूर्वी खोटीच धोक्याची घंटा झाली होती, मुलं जिन्यावर एकदम धावली आणि एका मुलीचा खांदा मोडला. तेव्हापासून मोठ्या बाईंनी ठरवलं, की लांब घंटा झाली की सगळ्यांनी बाकावर बसायचं, हाताची घडी, तोंडावर बोट. त्या स्वतः आपल्या खोलीच्या खिडकीतून तिन्ही जिने बघणार, आणि कर्ण्यावरून एकेका वर्गाला सांगणार, "आता निघा." मग एका वर्षी दहावीतल्या एका दिवट्याने माइक पळवला आणि तोच "आता निघा" म्हणून ओरडला, अर्धी शाळा बाहेर. त्यावर बाईंनी नियमाला आणखी एक खिळा ठोकला. "माझ्याच आवाजात ऐकाल तेव्हाच उठायचं. दुसरं कुणीही, शिक्षकसुद्धा, सांगत असेल तर उठायचं नाही." दर सत्रात सराव. नवे शिक्षकही यातून सुटायचे नाहीत. बाहेरच्या शाळांतले लोक आमचा सराव बघायला यायचे, आणि आम्ही मान ताठ करून फिरायचो. रोजची वाक्यं यंत्रात होती, पण "आता निघा" हे बाई स्वतः, जिने बघून म्हणायच्या, म्हणून ते यंत्रात नव्हतं. त्या गेल्यावर हा नियम बदलायला हवा हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. सराव बंद पडला, नियम तेवढा राहिला, आणि नव्या पोरांना, नव्या शिक्षकांना तो पहिल्याच दिवशी सांगितला जायचा.

मधल्या जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत तारा जळाल्या. चित्रकलेचे सर सचिवांकडे बैठकीला गेले होते. दाराखालून काळा धूर येताना शिपायाने पाहिला, तो ओरडत आला, मी लांब घंटा दाबली आणि अग्निशमन दलाला फोन केला. आणि शाळा गप्प झाली.

मी तिथे कितीतरी वर्षं काढली आहेत. परीक्षेच्या वेळीसुद्धा आमची शाळा इतकी शांत नसते. मी व्हरांड्यात धावले. पहिलीच्या वर्गात सगळी पोरं हाताची घडी घालून बसली होती, ओठांवर बोट, डोळे भिंतीवरच्या कर्ण्याच्या डबीकडे. त्यांच्या बाई, नुकत्याच लागलेल्या, दारात उभ्या. त्यांच्याही ओठांवर बोट होतं. धूर व्हरांड्याच्या छताला लागून सरकत होता. "अहो, काढा त्यांना बाहेर," मी म्हटलं. त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "पण मोठ्या बाईंनी..." आणि त्यांना स्वतःचंच वाक्य ऐकू आलं असावं. त्या रडायलाच लागल्या.

तेवढ्यात वर कर्ण्यात खरखर झाली. ताईने माइक घेतला होता.

"मुलांनो, बाहेर या. घाबरू नका. सावकाश या."

मी भिंत धरली. हा मोठ्या बाईंचा आवाज नव्हता. काकूचा नव्हता, बातम्यांचा नव्हता. थोडासा खर्जातला, शेवटी किंचित वर जाणारा. चाळीसेक वर्षांनी, धुराने भरलेल्या त्या व्हरांड्यात, मला आई हाक मारत होती.

एकही मूल उठलं नाही. का उठेल? तो आवाज त्यांच्यासाठी कुणाचाच नव्हता. "मुलांनो, या ना," ताई पुन्हा म्हणाली, आणि तो आवाज फाटला. पहिलीतली एक मुलगी शेजारणीच्या कानात म्हणाली, "उठायचं नाही. या मोठ्या बाई नाहीत."

मग कर्ण्यातून जाडसर, शांत आवाज आला. "पहिली, दुसरी. मधला जिना सोडून, मागच्या दाराने. आता निघा." सगळी बाकं एकदम करकरली. "तिसरी, चौथी. डावा जिना. आता निघा." वर्गामागून वर्ग, ओळीत, न धावता, बोट ओठांवर तसंच ठेवून मुलं बाहेर पडली. एक मेलेली बाई खिडकीत उभी राहून जिने बघत होती आणि आम्ही तिचं ऐकत होतो. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. सगळ्यात शेवटी ताई खोकत बाहेर आली आणि माझा जीव भांड्यात पडला.

पण खरं भय पुढेच होतं. मैदानावर हजेरी चालू असताना पहिलीतली तीच मुलगी रांगेतून सुटली आणि शाळेच्या दाराकडे पळत सुटली. शिपायाने तिला उंबऱ्याशी धरलं. ती हातपाय झाडत किंचाळत होती, "मोठ्या बाई आत राहिल्या! त्या बाहेर नाही आल्या! त्यांना काढा!" बघता बघता पहिलीची सगळी रांग रडायला लागली. सगळ्यांनी आम्हाला आत राहिलेली बाई दाखवायला त्या खिडकीकडे बोटं केली. ताई पांढरीफटक पडली होती. तिने त्या मुलीला उचलून घेतलं, आणि काय बोलावं, कुणाच्या आवाजात बोलावं, ते तिला कळत नव्हतं. ती नुसती तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सचिव आले. डोळे पाणावलेले. "संकटात बाईच धावून आल्या बघा. मी समितीशी बोललोय, तुमची नेमणूक पक्की. फक्त एक करा, त्याच आवाजात धोक्याच्या सगळ्या सूचना यंत्रात भरून ठेवा. म्हणजे पुढे कधी काळजी नको."

"पास व्हायचंय अजून," ताई म्हणाली.

"त्याचं काय एवढं, होईल ते."

संध्याकाळी घरी जाताना गल्लीच्या तोंडाशी मी तिला थांबवलं. "ताई, आधी बोललीस तो आवाज."

तिने आमच्या खिडकीकडे पाहिलं. बाबांचा टेबलावरचा दिवा लागला होता. मग तिने मान न वळवता, त्याच आवाजात, अगदी हळू सांगितलं. "मी काढला नाही गं. तो तसाच झालाय. चाळिशीनंतर गळा तिच्यावर जायला लागला. एकदा मी न्हाणीघरात एकटीच काहीतरी पुटपुटले, आणि मीच दचकले. बाबांना मी शब्द दिलाय. त्यांना सोसत नाही. मग मी काय करू? दुसऱ्यांचे आवाज आहेत की पुष्कळ."

मला तिला दोन फटके द्यावेसे वाटले आणि मिठी मारावीशी वाटली. "तेरा वर्षांच्या पोरीने दिलेला शब्द! तू काय जन्मभर तोंडात बोळा घालून बसणार?"

"शाळेत बोलेन. पण तो कर्णा," ती म्हणाली, "समोरच तर खिडकी आहे. काल बाबा दवाखान्यात गेले होते म्हणून निभावलं."

चारेक दिवस गेले. मग एका सकाळी शाळा भरायच्या आधी ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "कुठलं बटण?" मी दाखवलं. तिने दाबलं. एका वाक्यामागून दुसरं वाक्य पुसलं जात होतं, यंत्राचा बारीक दिवा लुकलुकत होता, आणि आम्ही दोघी मयताला आल्यासारख्या उभ्या होतो. मग ती निघाली आणि वर्गावर्गांतून फिरली. पहिलीत मी तिच्यासोबत गेले.

"मोठ्या बाई वारल्या," तिने आपल्या आवाजात सांगितलं. "तुम्ही शाळेत यायच्या आधीच. आम्ही तुम्हाला सांगितलं नाही, ते चुकलं."

ती पळालेली मुलगी म्हणाली, "मग रोज कोण बोलायचं?"

"त्याच. आधी बोलून ठेवलेलं."

"मेल्यावर पण बोलता येतं?"

ताईने विचार केला. "येतं. पण धूर दिसत नाही. कुणी पडलं तर कळत नाही. म्हणून आता मी बोलणार. माझा आवाज असा आहे. ओळखाल?"

"पुन्हा बोला," मुलगी म्हणाली. ताई पुन्हा बोलली. मग त्यांनी स्वतः डोळे मिटून तिला बोलायला लावलं, दारामागून बोलायला लावलं, आणि दुसऱ्या एका बाईंना बोलायला लावून ताई कुठली ते ओळखून दाखवलं. काही जणी रडत होत्या. मधल्या सुट्टीत त्यांनी बंद दाराखालून मोठ्या बाईंसाठी एक फूल सरकवलं.

प्राध्यापक आले त्या दिवशी सराव ठेवला होता. तोवर कर्ण्यावरून कुणीच बोललं नव्हतं. सचिवही आले आणि नाराज चेहऱ्याने भिंतीशी उभे राहिले. मी लांब घंटा दिली. शाळा गप्प झाली. मोठ्या बाईंच्या खोलीत ताई खिडकीशी माइक घेऊन उभी होती. जिने बघत होती, पण मधूनच तिची नजर गल्लीपलीकडे, आमच्या खिडकीकडे जात होती. तिथे बाबा होते, डोळ्याला भिंग लावून वाकलेले.

"पहिली, दुसरी," ती म्हणाली. "मागच्या दाराने. आता निघा."

काहीच हाललं नाही. सचिव घसा खाकरले. ताईचे ओठ पांढरे पडले होते, आणि मला माहीत होतं, की तो जाडसर आवाज तिच्या घशाशी येऊन उभा आहे. तिने एकदा डोळे मिटले. "पहिली," ती म्हणाली, "मी बोलतेय. या."

एक बाक करकरलं. मग दुसरं. पहिलीची रांग व्हरांड्यात आली, पुढे तीच मुलगी. मग बाकीचे. मोठी मुलं बिचकत, एकमेकांकडे बघत उठली, दहावीवाले सगळ्यात शेवटी. वेळ जास्त लागला, रांगाही वाकड्यातिकड्या झाल्या. प्राध्यापकांनी गरम पाण्याची बाटली बंद केली आणि म्हणाले, "रांगा सुधारतील." सचिव निघून गेले.

मी मधल्या सुट्टीत घरी धावले. बाबा खिडकीशी होते. घड्याळ उघडं, चिमटा हातात तसाच.

"मी तिला सांगितलं होतं," ते म्हणाले. "तो आवाज काढायचा नाही."

"बाबा, तिने कुणाचाही आवाज काढला नाही. तो तिचाच आहे. कित्येक वर्षांपासून."

त्यांना ते समजायला वेळ लागला. "मग घरात ती..."

"तुम्हाला सोसत नाही म्हणून."

त्यांनी चिमटा खाली ठेवला.

संध्याकाळी ताई आली. दारातच तिने बाबांचा चेहरा पाहिला आणि घाईघाईने सुरू केलं, "नमस्कार. आजच्या ठळक घडामोडी..."

"सकाळी बोलत होतीस तसं बोल," बाबा म्हणाले.

ती उंबऱ्यातच उभी राहिली. मग आत गेली. तिने हात धुतले, भांडी मांडली, आणि आतून तिचा आवाज आला. "ताट वाढलंय. या लवकर. गार होतंय."

बाबा उठले. चष्मा काढून टेबलावर ठेवला, चपला काढून कडेला ठेवल्या आणि भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघरात आले. त्यांनी ताईकडे पाहिलं नाही. आपली खुर्ची ओढली, ती उलटी फिरवली, ताईकडे पाठ करून बसले आणि ताट मांडीवर घेतलं.

"काय काय केलंयस?" त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं.

"भात. भाजी. आज मीठ कमी आहे."

"अजून सांग," बाबा म्हणाले. "काहीही सांग."